अल्वरबीचा जिना

१२ ऑक्टोबर १९५४

मिसेस क्लेग आज हॉलच्या भिंतीवरच्या ओकच्या फळ्या झटकत होती. तिनं कुंचा टेकवला आणि कुंचा आत गेला. फळीच्या आत! ती ओरडली नाही. आमच्याकडे स्वयंपाक करता करता म्हातारी झालेल्या बाईला आता कशाचंच काही वाटत नाही. कुंचा हातात धरून माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मिस हेस्टर, भिंत मऊ झालीय."

मी जाऊन अंगठा दाबला. वरचा रंग तेवढा शाबूत, आत नुसता भुगा. सुरीनं फळी उचकटली तर मागे धिरड्याएवढी नारिंगी बुरशी, कडेनं पांढरी, आणि अळंब्यांचा वास. युद्धात सैन्यानं आमचं हे अल्वरबीचं घर घेतलं होतं तेव्हा पश्चिमेच्या पन्हळी तुंबल्या, त्या कुणी साफ केल्या नाहीत. त्याचं हे फळ. ही मेली बुरशी लाकूड खाते, आणि लाकूड संपलं की विटांमधून वाट काढत पुढचं लाकूड शोधते. त्याच भिंतीला आमचा जिना टेकलेला आहे.

लायनेलला दाखवलं. तो वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "बघू."

माझ्या भावाचं 'बघू' मी साठ वर्षं ऐकतेय. त्यातून आजवर काहीही बघितलं गेलेलं नाही.

जिना गेला तर घर गेलं, आणि घर गेलं तर मी कुठे जाऊ? घराबाहेर मी फक्त शाळेच्या वसतिगृहात राहिलेय, आणि तिथून दोनदा पळून आले होते.

१६ ऑक्टोबर

सकाळपासून लाकूड ठोकून बघत हिंडतेय. खणखणीत आवाज आला की जिवात जीव, बद्द आला की पुन्हा ठोकून बघते. पूर्वेकडचं सगळं ठणठणीत आहे. दिवाणखाना, वाचनालय, संगीताची खोली, सगळी दारं एका रेषेत. सगळी उघडली की या टोकाच्या खिडकीतून त्या टोकाच्या खिडकीबाहेरचं तळं दिसतं. बांधणाऱ्याला काय हौस असेल! लहानपणी आम्ही त्या रेषेत धावायचो आणि मधलं दार नेमकं लायनेल लावायचा. माझ्या नाकावर अजून खूण आहे.

जेवताना म्हटलं, "लायनेल, कुणाला तरी बोलाव. नुसतं बघू बघू करून बुरशी थांबत नसते."

"बोलावलंय," तो बशीत बघत म्हणाला. "बुधवारी येईल. मिस्टर गार्वे."

"बुरशीवाला?"

"घरांचं... घरांचं बघतो तो. हेस्टर, मला तुला एक..."

"देव पावला!" मी म्हटलं. आणि मग मी त्याला पन्हळींबद्दल काय काय करायला हवं ते सगळं सांगितलं, पुडिंग येईपर्यंत. त्याला काय बोलायचं होतं कोण जाणे. भिंतीवरच्या वायुभारमापकाला टिचकी मारून तो झोपायला गेला.

२० ऑक्टोबर

मिस्टर गार्वे आले. टापटीप माणूस, बूट पुसून आत आला, त्यातच मी अर्धी जिंकले गेले. पण उरलेली अर्धी जिंकली ती बाहेर. घरासमोर उभा राहून, डोळे बारीक करून म्हणाला, "डावीकडून तिसरी, वरच्या मजल्यावरची. ती खिडकी खोटी आहे ना?"

माझ्या आयुष्यात असं ओळखणारा तो दुसराच. पहिले आमचे बाबा. ती खिडकी नुसती रंगवलेली आहे. मागे धुराड्याची भिंत आहे, पण दर्शनी बाजू दोन्हीकडे सारखी दिसायला हवी म्हणून तिथे काचा रंगवल्या. शेजारपाजारचे लोक इतकी वर्षं येतात, चहा ढोसतात, एकाच्याही लक्षात आलेलं नाही.

मग जिना. तिथे तो बोलायचाच थांबला. आमच्या जिन्याला साधे गज नाहीत, कठड्याच्या खाली अखंड ओकमधून कोरलेल्या जाळ्या आहेत. पानं, वेली, मधूनच एखादा पक्षी. प्रत्येक वळणावर खांब आणि खांबावर कोरलेली फळांची परडी. अडीचशे वर्षांहून जास्त लोकांचे हात फिरून द्राक्षांची टोकं गुळगुळीत झालीत. गार्वेनं परडीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "हा निघतो का?"

"नाही निघत," लायनेल म्हणाला. लगेच म्हणाला. इतक्या लगेच मी त्याला बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "बाबा म्हणायचे, हात लावलात तर अख्खा खाली येईल. तुकडे होतील."

गार्वेनं सुस्कारा सोडला. "मग अवघड आहे. सगळं या जिन्यावर आहे. जिना अख्खा निघत असला तरच आम्ही हे काम घेणार. नाहीतर बाकीच्यात आम्हाला रस नाही."

मला पटलं. जिना बाजूला केल्याशिवाय मागची भिंत कशी साफ करणार? तिथली बुरशी ठेवून बाकीचं घर धुवून काय उपयोग?

चहाला मिसेस क्लेगनं शहाजिऱ्याचा केक केला होता. गार्वेनं दोनदा घेतला, म्हणजे दुसऱ्यांदा जाताना, एक तुकडा रुमालात. तो गेल्यावर मिसेस क्लेग म्हणाली, "हा नक्की कुणाचा माणूस?"

"मी नाही विचारलं."

"विचारायचं की सरळ!"

"पाहुण्याला त्याचा धंदा विचारायचा? चहाच्या टेबलावर? मिसेस क्लेग, आपण काय घोडेबाजारात राहतो?"

"तसं नाही हो. पण त्याच्या पिशवीत मोजपट्टी होती आणि बुरशीकडे त्यानं ढुंकूनही बघितलं नाही."

स्वयंपाकघरात राहून माणूस संशयी होतो.

२३ ऑक्टोबर

झोप नाही. लिहून टाकते, म्हणजे डोकं हलकं होईल.

जिना निघतो. मला माहीत आहे. मी नऊ वर्षांची असताना बाबांनी दाखवलं होतं. परडी फिरवून उचलायची, खाली खुंटी असते, ती काढली की कठडा सुटतो आणि जाळ्या खाचेतून वर सरकतात. एकही खिळा नाही. "हेस्टी, हे लायनेलला सांगू नकोस," बाबा म्हणाले होते. "तो उद्या सकाळी जिना खोलून बसेल, आणि जोडायची वेळ आली की म्हणेल 'बघू'." म्हणून त्यांनी त्याला सांगितलं की हात लावलास तर कोसळेल.

मी वचन दिलं होतं. पण वचन पाळायचं आणि घर बुरशीला द्यायचं, हे बाबांना तरी आवडेल का?

गंमत म्हणजे लायनेल दोन दिवस भलताच खुशीत आहे. काल जिन्याच्या पायरीवर बसून शीळ घालत होता. चक्क शीळ! गार्वे नाद सोडून निघून जाणार, भिंत कुजत राहणार, आणि हा बाबाजी शीळ घालतोय. मला तर त्याचं डोकंच कळत नाही.

२७ ऑक्टोबर

सांगून टाकलं.

गार्वे निरोप घ्यायला आला होता. लायनेलनं त्याला जेवायला ठेवून घेतलं, शेरीची चांगली बाटली काढली, त्याच्याशी पावसावर, कुत्र्यांवर, कशाकशावर गप्पा मारल्या. गार्वे म्हणाला, "वाईट वाटतं मिस्टर डॅकम. पण जिना करवतीनं कापून काही अर्थ नाही. एखादी जाळी जरी तडकली तरी आमच्याकडून नकार."

"अगदी बरोबर," लायनेल म्हणाला. "नाइलाज आहे. आणखी थोडी घ्या ना."

माझ्यानं राहवेना. मी म्हटलं, "लायनेल, तुला बाबांनी थाप मारली होती. जिना निघतो."

लायनेलचा हात ग्लासावर तसाच राहिला. तो हळू आवाजात म्हणाला, "हेस्टर, पुरे."

"पुरे काय? हे गृहस्थ घर वाचवायला आलेत आणि आपण गुपितं कुरवाळत बसायचं? चला, दाखवतेच."

मी त्यांना हॉलमध्ये नेलं, पहिल्या वळणावरची परडी उजवीकडे फिरवली, उचलली, खुंटी वर ओढली. वाटलं होतं इतक्या वर्षांनी अडेल. कसली अडतेय? लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. जाळी वर सरकवून गार्वेच्या हातात दिली तेव्हा त्यानं ती तान्ह्या मुलासारखी धरली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, देवाशपथ.

मागे वळून बघते तर लायनेल खुर्चीत बसलेला, तोंड पांढरंफटक. बाबांनी मला सांगितलं आणि त्याला नाही, हे लागलं असणार. मोठा भाऊ ना! पुरुषांचं हे असलं सत्तरीत जाईपर्यंत संपत नाही.

पण मला आज फार फार बरं वाटतंय. घर वाचणार.

९ नोव्हेंबर

लायनेल बारा-तेरा दिवस माझ्याशी धड बोलला नव्हता. आज अचानक म्हणाला, चल समुद्रावर. नोव्हेंबरात! पण रुसवा काढायला बघतोय म्हटल्यावर मी गेले.

सटनला वाळूच्या टेकडीमागे त्याच्या ओळखीच्या कुणाची तरी बंगली रिकामी आहे, ती दाखवली. अरे देवा! छत इतकं खाली की लायनेलची टोपी घासत होती. खिडक्या लोखंडी, फायरप्लेसला नुसत्या तपकिरी फरश्या, आणि एका खोलीतून दुसरीत जायला जागा म्हणावी तर बोळ. घर कसलं, बुटाचं खोकं.

"तुला यातली कुठली खोली आवडेल?" त्यानं विचारलं.

"जिच्यातून बाहेर पडता येईल ती," मी म्हटलं.

तो हसला नाही. मी एकटीच हसले. येताना गाडीत त्यानं माझ्या गुडघ्यांवर रग पसरला, तो दोनदा नीट केला. कामावरचे लोक घरात असतील तेव्हा धुळीचा मला त्रास होईल म्हणून थोडे दिवस इथे राहावं, असं त्याच्या मनात असेल. मनाचा चांगला आहे. बोलत नाही एवढंच.

२२ नोव्हेंबर

माणसं आली! दोन मोठ्या गाड्या, सहा सुतार, भुसा, गोणपाट. हॉलच्या चांगल्या फळ्या निघाल्या, प्रत्येकीच्या पाठीवर खडूनं नंबर. मला नंबर बघून फार बरं वाटलं. परत लावायचं नसतं तर कोण कशाला नंबर टाकेल?

मी दिवसभर त्यांच्यात होते. "अहो, तिथून नाही, वरून सुरुवात करा." "ती पटाशी ठेवा, हातानं निघेल." एक तरुण सुतार दुसऱ्याला म्हणाला, "आपला मुकादम बदलला वाटतं." मी ऐकलं, आणि मला राग नाही आला.

कुजलेल्या फळ्या मात्र त्यांनी जिथल्या तिथे ठेवल्या. बुरशी अजून भिंतीवर आहे तशीच. गार्वेला म्हटलं, हिला कधी हात लावणार? तो म्हणाला, "ते नंतरचे लोक बघतील, मिस डॅकम." बरोबर आहे. प्रत्येकाचं काम वेगळं.

लायनेल दिवसभर कोंबड्यांच्या खुराड्यापाशी होता.

२५ नोव्हेंबर

आज ते दिवाणखान्यातली फायरप्लेस काढत होते.

मी दारात उभी राहून बघत होते. चांगलं काम करत होते, पाचरी ठोकून हळूहळू भिंतीपासून सोडवत होते. वरची पट्टी निघाली, तिच्यावरचे फुलांचे हार गोणपाटात गुंडाळले. आणि मी तिथे उभ्या उभ्या गार पडले.

दिवाणखाना पूर्वेला आहे. कोरडा ठणठणीत. आणि फायरप्लेस संगमरवराची आहे. संगमरवराला बुरशी लागत नाही.

एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. मी मात्र तीन दिवस खडूचे नंबर बघून हुरळत होते.

लायनेल खुराड्यापाशी होता. मी चिखलातून घरातल्या सपातांनीच गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला सरळ विचारलं, "गार्वे कोण आहे?"

तो कोंबड्यांकडे बघत बोलला. सगळं बोलला. घराला गिऱ्हाईक नाही. शाळेनं नको म्हटलं, वेड्यांच्या इस्पितळानंही नको म्हटलं. दुरुस्तीच्या पलीकडे गेलंय. अमेरिकेत एका माणसाला जिना हवा आहे, त्याच्या नव्या घरात बसवायला. जिना मिळाला तर आतलं बाकीचंही घेईल. आतलं गेलं की भिंती पाडणारे येतील.

"आणि तू हो म्हणालास?"

"तो इतक्या लांबून आला होता, हेस्टर. चांगला माणूस आहे. तोंडावर नाही कसं म्हणणार? मी म्हटलं, जिना अख्खा निघाला तर घेऊन जा." त्याचा आवाज फाटला. "मला माहीत होतं ना, की तो निघत नाही. बाबा म्हणाले होते. मी हो म्हटलं ते होणार नाही म्हणूनच म्हटलं. तो आपला आपण परत गेला असता. तू आणि मी राहिलो असतो इथंच, जितके दिवस छप्पर टिकेल तितके."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो. तू पन्हळींबद्दल बोलत होतीस."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो उभा राहून ऐकत होता. शेवटी मी म्हटलं, "मोड ना मग! सांग त्याला, नाही देत म्हणून."

"शब्द दिलाय," तो म्हणाला. मग खुराड्याची कडी लावत, "एखादी जाळी तडकली तर मात्र तोच सौदा मोडेल."

२६ नोव्हेंबर

आज जिना काढला.

वरपासून सुरुवात केली. एकेक परडी उजवीकडे फिरे, उचलली जाई, खुंटी वर येई, जाळी सरके. मी शिकवलं होतं तसंच. लायनेल हॉलच्या कोपऱ्यात उभा होता, कोट घालून. मी खुर्चीवर बसले होते. आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो.

दुपारी खालचा, शेवटचा खांब राहिला. आणि तो अडला.

परडी उजवीकडे फिरेना. सुतारांनी साबण लावला, मोगरीनं हलके ठोके दिले, कडेनं पाचर घातली. कोरलेल्या डाळिंबाला एक बारीक चीर गेली. गार्वे ओरडला, "थांबा, थांबा!" मग कपाळ पुसत म्हणाला, "आता करवतीशिवाय इलाज नाही. खांब बुडातून कापू. जाळी वाचली तर वाचली."

"आणि नाही वाचली तर?" लायनेलनं विचारलं.

"तर सगळं गाड्यांतून परत उतरवायचं, मिस्टर डॅकम. तुमच्या हॉलमध्ये ठेवून द्यायचं आणि आम्ही जायचं."

लायनेलनं तेव्हा माझ्याकडे बघितलं. असा तो माझ्याकडे लहानपणी बघायचा, बाबांच्या पावलांचा आवाज आला की. काही बोलू नकोस, एवढंच त्या बघण्यात होतं. ते मला कळलं. मी लिहून ठेवते, मला अगदी स्वच्छ कळलं.

खालचा खांब बाकीच्यांसारखा नाही. चोरानं किंवा खोडकर पोरानं खालून सुरुवात केली तर त्याला जमू नये, म्हणून तो उलटा केलाय. बाबांनी मला तेही दाखवलं होतं. गार्वेला ते सांगायचं राहून गेलं होतं.

मला फक्त बसून राहायचं होतं. बाकी काही करायचं नव्हतं.

सुतारानं करवत खांबाला टेकवली. एकदा ओढली, पिवळा भुसा पायरीवर पडला. तिथे खाली एक छोटा पक्षी कोरलाय, चोचीत बोर धरलेला, त्याच्या शेपटीपासून बोटभर अंतरावर.

"हात काढ!" मी ओरडले. त्या सुताराला मी ढकललंच बहुतेक. गुडघ्यावर बसले, परडी दोन्ही हातांनी आधी खाली दाबली, मग डावीकडे फिरवली. ती माझ्या हातात आली. खुंटी आली. जाळी वर सरकली, पक्षी, बोर, सगळं अख्खं.

"हेस्टर," लायनेल म्हणाला. तेवढंच.

गार्वे माझे हात हातात घेऊन सारखा म्हणत होता की तुम्ही नसता तर, मिस डॅकम, तुम्ही नसता तर. मी म्हटलं, चहा घेऊन जा, मिसेस क्लेगनं टाकलाय. मी असं का केलं ते मला माहीत नाही. घर माझं आहे हे मला त्या क्षणी आठवलंच नाही. फक्त तो भुसा दिसला.

२७ नोव्हेंबर

हॉल आता विहिरीसारखा आहे. वर बघितलं की भिंतीवर जिन्याची तिरकी खूण दिसते. पायऱ्याही काल रात्रीपर्यंत सुटल्या, आणि गाड्या सकाळीच गेल्या. सोमवारी छपरावरचे शिशाचे पत्रे काढायला दुसरे लोक येणार आहेत.

गाड्या गेल्या तेव्हा मी अंथरुणातच होते. वर यायला आता फक्त नोकरांचा मागचा जिना उरलाय, अंधारा आणि उभा. त्यावरून कुणीतरी अडखळत, भिंतींना आपटत येत होतं. मला वाटलं मिसेस क्लेग. लायनेल होता, हातात ट्रे. निम्मा चहा बशीत सांडलेला. या घरात जन्मला, पण त्याला तो जिना कुठे वळतो ते माहीत नव्हतं. मलाही नाही म्हणा.

तो पलंगाच्या कडेवर बसला. मी वाट बघत होते, आता बोलेल, आता शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या.

त्यानं घसा साफ केला. "खालच्या खांबाची परडी," तो म्हणाला. "कुठल्या बाजूला फिरवतात? बाबांनी मला कधीच दाखवलं नाही."

मी पलंगाच्या गोल खुंटावर त्याचा हात ठेवला, त्यावर माझा ठेवला, आणि दाखवलं. आधी खाली दाबायचं. मग डावीकडे. त्याला दोनदा दाखवावं लागलं.